पाणी मुरतंय कुठं?

आधी कबुली देऊन टाकतो. माझ्या गाडीतलं पाणी कमी होतंय हे मला तीन महिने ठाऊक होतं. दर रविवारी बॉनेट उघडायचं, कोपऱ्यातल्या पांढरट बाटलीत डोकवायचं, पातळी खालच्या रेघेखाली गेलेली दिसली की स्वयंपाकघरातून तांब्या भरून आणायचा, ओतायचा आणि बॉनेट आपटून मोकळं व्हायचं. बायकोनं एकदा विचारलंही होतं, "जातं कुठं एवढं पाणी?" मी म्हणालो, "उन्हाळा आहे, उडतं." बंदिस्त नळ्यांतून फिरणारं पाणी उन्हाळा आला म्हणून उडत नसतं, एवढं मला कळायला हवं होतं. मी इंजिनिअर नाही. पण पिंपरी-चिंचवडात तीस वर्षं काढलेला माणूस अर्धा इंजिनिअर होतोच, अशी आमच्याकडं समजूत आहे. त्या समजुतीचं काय झालं त्याची ही हकीकत.

मे महिन्यातला बुधवार, संध्याकाळचे सहा. चाकणहून परत येत होतो. या वेळी पुणे-नाशिक रस्त्यावर मोशीच्या आसपास काय होतं ते ज्यानं भोगलंय त्याला सांगायला नको. कंपन्यांच्या बसगाड्या, नव्या कोऱ्या गाड्या पोटात घेतलेले लांबलचक ट्रेलर, कास्टिंगनं भरलेले टेम्पो आणि या सगळ्यांच्या फटींतून सुटणाऱ्या दुचाक्या. पहिला गिअर, क्लच, ब्रेक, पुन्हा पहिला. आधी एसीची हवा कोमट झाली. मग काटा हलला. वर्षानुवर्षं मधोमध बसून असलेल्या त्या काट्याकडं मी कधी नीट पाहिलंही नव्हतं. तो सरकत सरकत लाल पट्ट्याला टेकला. शेवटी वास आला, गोडसर, काकवी करपल्यासारखा.

गाडी कडेला घेतली. बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती. मी रुमालाची घडी करून रेडिएटरच्या झाकणाकडं हात नेला आणि शेजारच्या टपरीवरून आवाज आला, "ओ साहेब, हात लावू नका! चहा घ्या आधी. अर्धा तास बसा." त्या चहावाल्यानं माझा चेहरा वाचवला. हे अलंकारिक बोलणं नाही.

त्या झाकणावर १.१ असा आकडा ठोकलेला असतो. हा दाब, बारमध्ये. आपल्या घरातला कुकर शिट्टी देतो तो जवळपास याच दाबाला. निम्मं पाणी आणि निम्मं एथिलीन ग्लायकॉल हे मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं, पण झाकणाच्या दाबाखाली तेच १२५ अंशांच्या पुढंही उकळत नाही. म्हणून इंजिन नव्वद-शंभर अंशांवर बिनघोर चालतं. झाकण सोडलं की दाब उतरतो, आणि आतलं चार-पाच लिटर पाणी त्याच क्षणी उकळून तोंडावर येतं. वाफ जिरायच्या आत कुकर उघडायला आपल्या घरातली पोरंही धजत नाहीत. गाडीपुढं मात्र शिकलेला माणूस रुमाल गुंडाळून उभा राहतो.

टोचन लावून गाडी भोसरीत आणली. लांडेवाडीच्या मागच्या अंगाला एका गल्लीत हे गॅरेज आहे: वर पत्रे, खाली ऑइलनं काळी झालेली जमीन, एक खड्डा, भिंतीवर स्पॅनरांच्या आकाराच्या रंगवलेल्या सावल्या, त्यातले निम्मे स्पॅनर जागेवर नसलेले. चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे नुसतं मिस्त्री म्हणतात. मूळचे बीडकडचे, आयटीआय झालेले, एका मोठ्या कारखान्यात वर्षभर शिकाऊ राहिलेले आणि मग कायम न झालेले. हे चरित्र भोसरीत दर चौथ्या माणसाचं निघेल. एमआयडीसीची स्थापना १९६२ ची. त्याच दशकात इथली शेतं कारखान्यांना गेली, टेल्को आली आणि बघता बघता टेल्कोला, बजाजला सुटे भाग पुरवणारी शेडची वस्ती उभी राहिली. राज्या-राज्यांतल्या एसटी महामंडळांच्या लोकांना शिकवणारी, वाहनांच्या चाचण्या करणारी सीआयआरटी ही संस्थाही १९६७ पासून भोसरीतच, नाशिक रस्त्याला आहे. मिस्त्री आपलं येणं सांगतात ते, "इंडिका आली त्या साली." म्हणजे १९९८. टेल्कोचं नाव बदलून टाटा मोटर्स झालं त्याला वीस वर्षं होऊन गेली, इथं अजून टेल्कोच.

मी सगळी कथा सांगितली. काटा, वाफ, वास. मिस्त्रींनी ती निम्मीच ऐकली आणि विचारलं, "किती दिसांनी किती पाणी टाकत होता?"

"आठवड्याला तांब्याभर."

"तांब्या केवढा?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मधल्या काळात गाडीची एक सर्व्हिसिंग झाली होती, तिथंही पातळी कमी आहे म्हणून वरून भरून दिलं होतं. किती, कधीपासून, हे कुणी विचारलं नाही. मी हातानं माप दाखवलं. "लिटर धरू," मिस्त्री म्हणाले. "म्हंजी रोजचा एक मोठा कप चहा. साहेब, एवढं पाणी रोज जातंय तर ते खूण न सोडता जायचं नाही."

मग त्यांनी कोपऱ्यातला एक पुठ्ठ्याचा खोका फाडला, उलगडून सपाट केला आणि माझ्या गाडीखाली सरकवला. रात्रभर तसाच. सकाळी तो वाचायचा.

दुसरा दिवस गुरुवार. भोसरी एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळं कामगारमंडळी आपापल्या गाड्या घेऊन त्याच दिवशी गॅरेजात येतात आणि गल्लीत पाय ठेवायला जागा राहत नाही. मी सकाळी नऊला पोहोचलो तेव्हा पुठ्ठा बाहेर काढलेला होता. ऑइलचे दोन काळे ठिपके, बास. कूलंटचा एक थेंब नाही.

मला वाटलं, बरंच झालं. मिस्त्रींचा चेहरा मात्र पडला. कारण पाणी खाली पडत नसेल तर ते आत जात असेल, आणि आत जाणं फार महागाचं.

इंजिनाच्या ब्लॉकवर हेड बसतं. मध्ये पातळ पत्र्याचं गॅसकेट, जुनी माणसं त्याला पॅकिंग म्हणतात. या एकाच पॅकिंगमध्ये तीन गोष्टींना एकमेकींपासून लांब ठेवायचं असतं: जळणारा वायू, ऑइल आणि पाणी. सिलिंडरमध्ये ज्वाळेचं तापमान दोन हजार अंशांच्या वर जातं आणि त्याच्यापासून बोटाच्या अंतरावर पाण्याची वाट. पेट्रोल जळून जेवढी उष्णता होते तिचा ढोबळ तिसरा हिस्सा हे पाणी उचलून रेडिएटरपर्यंत नेतं. पॅकिंग कुठं जळालं की सीमा पुसल्या जातात. पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर येतो. ऑइलमध्ये गेलं तर डिपस्टिकला दुधाळ, कॉफीच्या रंगाचा फेस लागतो. आणि वायूच पाण्यात घुसला तर बाटलीत बुडबुडे येतात, होज दगडासारखे टणक होतात.

मिस्त्रींनी डिपस्टिक काढली, फडक्याला पुसली, पुन्हा बुडवली. ऑइल काळं होतं पण स्वच्छ. ऑइलच्या झाकणाखाली पिवळसर साय दिसली तसा मी दचकलो. "ती नुसत्या दमटपणाची असती," ते म्हणाले, "रोज दोन किलोमीटर गाडी चालवनाऱ्याच्या सगळ्या गाडीत असती." हे लिहून ठेवण्यासारखं आहे, कारण केवळ ही साय दाखवून हेड उतरवायला लावणारेही असतात.

मग त्यांनी काचेची एक नळी काढली. तिच्यात निळा द्राव. नळी रेडिएटरच्या तोंडावर बसवायची, इंजिन चालू ठेवायचं आणि पाण्यावरची हवा रबरी फुग्यानं त्या द्रावातून ओढायची. हवेत कार्बन डायऑक्साइड असेल, म्हणजे सिलिंडरचा धूर पाण्यात येत असेल, तर निळा रंग पिवळा पडतो. फुगा दाबला जात होता. नळीत बुडबुडे येत होते. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टची वाट पाहताना माणूस जसा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसतो तसा मी भिंतीवरचे स्पॅनर मोजत होतो. पाच मिनिटं झाली. निळं ते निळंच राहिलं.

"हेड शाबूत आहे," मिस्त्री म्हणाले. "आता चोर बाहेरच हाय."

शेजारच्या खड्ड्यावर उभ्या असलेल्या पांढऱ्या कॅबच्या नशिबी हे निळेपण नव्हतं. तिचं हेड उतरवून बाकावर ठेवलं होतं. कंपनीच्या पोरांना दुसऱ्या पाळीला सोडणारी ती गाडी. नाशिक फाट्याजवळच काटा वर गेला होता, पण पोरांना लेट मार्क पडेल म्हणून चालक तशीच चाकणपर्यंत घेऊन गेला. तिथं तापलेल्या इंजिनात गार पाण्याची बाटली ओतली. त्याआधी आठवडाभर एका ढाब्यावरच्या सल्ल्यानं त्यानं रेडिएटरमध्ये हळद टाकली होती.

हळदीचा हा उपाय जुना आहे. जीपवाले, ट्रकवाले वाटेत रेडिएटर गळायला लागला की मूठभर हळद टाकत. कण पाण्याबरोबर फिरतात, भोकापाशी गोळा होतात, फुगतात आणि बूच बसल्यासारखं होतं. गावापर्यंत पोहोचायला ते पुरतं. त्या काळच्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरच्या नळ्या ऐसपैस असत, त्यांना चार कण पचत. आताच्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांची आतली फट मिलिमीटर-दोन मिलिमीटरची. हळदीला भोक कुठलं आणि वाट कुठली हे कळत नाही, ती दोन्ही बुजवते. पी हळद आणि हो गोरी, असा मामला. कॅबचा रेडिएटर गॅरेजातल्या हाताखालच्या मुलानं माझ्यासमोर उलटा केला तेव्हा त्यातून हळदीचा पिवळा चिखल पडला. बाजारात मिळणारी गळतीबंद औषधंही त्याच जातीची. घाटात अडकलात तर जरूर वापरा. दुसऱ्या दिवशी ती धुवून काढायची तयारी ठेवा.

तांब्याच्या रेडिएटरचा विषय निघाला तेव्हा मिस्त्रींनी मला आळंदी रस्त्याला बसणाऱ्या एका जुन्या रेडिएटरवाल्याकडं पाठवलं. पाण्याची मोठी टाकी, पंक्चरवाल्याकडं असते तशीच. रेडिएटरची तोंडं बंद करायची, हवा भरायची, बुडवायचा. बुडबुडा येईल तिथं खडूची खूण, मग डाख. पंचेचाळीस वर्षं त्यांनी डाख लावला. आता जाळी ॲल्युमिनियमची आणि वरखालच्या टाक्या प्लॅस्टिकच्या, नुसत्या कडा दुमडून बसवलेल्या. "याला डाख कुठं लावू?" असं म्हणत त्यांनी एक तडकलेली टाकी पुढं केली. नवे रेडिएटर याच पट्ट्यात बनतात: चाकण परिसरात पूर्वीच्या बेर आणि आताच्या माहले-आनंदच्या कारखान्यात, हिंजवडीत टाटा टोयोच्या. दुकानात नवा विकायचा आणि जुना भंगारात घालायचा, एवढंच काम त्यांना उरलंय. जाळीदार रेडिएटर मुळात विल्हेल्म मायबाखनं १९०० च्या सुमारास मर्सिडीजच्या पहिल्या गाडीसाठी बनवला, त्यात ८,०७० बारीक चौकोनी नळ्या होत्या. ही संख्या मी त्या गृहस्थांना सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "सगळ्यांना डाख हातानं लावला असंल का हो?"

परत माझ्या गाडीकडं. मिस्त्रींनी झाकणाच्या जागी हातपंप बसवला, त्याला दाबाचा काटा. इंजिन थंड. पंप मारून १.१ वर आणलं आणि घड्याळ लावलं. इथं एक खुलासा: झाकण त्यांनी आधीच वेगळं तपासलं होतं, त्याच पंपावर चढवून. झाकणात दोन झडपा असतात. एक दाब वाढला की पाणी बाटलीत सोडते, दुसरी इंजिन थंड झालं की ते परत ओढून घेते. रबर कडक झालं तर पाणी उकळून जातं आणि सगळी यंत्रणा निर्दोष असूनही गाडी गरम होते. दोन-तीनशे रुपयांचं झाकण तपासायचं सोडून रेडिएटर बदललेली माणसं मिस्त्रींना माहीत आहेत. माझं झाकण चांगलं होतं.

दहा मिनिटांत काटा एकवर आला. म्हणजे गळत होतं. कुठं, ते दिसत नव्हतं.

मग सुरू झालं ते पाहण्यासारखं होतं. होजची दोन्ही टोकं बोटानं चाचपली, क्लिपांखाली नख फिरवलं. वॉटर पंपाच्या पोटाला एक बारीक छिद्र मुद्दामच ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की तिथून पाणी ठिबकतं, बेअरिंगमध्ये शिरण्याआधी इशारा मिळावा म्हणून. ते कोरडं. ब्लॉकच्या अंगाला वाट्यांसारख्या चकत्या ठोकलेल्या असतात, आत पाण्याचा गंज धरला की त्या चाळणीसारख्या होतात. त्याही कोरड्या. डॅशबोर्डच्या पोटात हीटरची छोटी जाळी असते. ती गळली की पुढच्या सीटखालची चटई ओली होते आणि काचेवर आतून चिकट धुकं बसतं. मिस्त्रींनी चटई उचलून तळव्यानं दाबली. कोरडी. इतक्यात एक गृहस्थ घाईघाईनं आले, त्यांच्या गाडीखाली पाणी पडतंय. मिस्त्रींनी बोट बुडवून दोन बोटांत चोळलं. "एसीचं हाय. जावा घरी." कूलंट बुळबुळीत लागतं, एसीचं पाणी नळासारखं. चव मात्र घ्यायची नाही. ते गोड असतं आणि विषारी असतं.

शेवटी त्यांनी मुलाकडून न्हाव्याकडं असतो तसा छोटा आरसा मागवला. आरसा इंजिनाच्या पाठीमागं, गिअरबॉक्सच्या वरच्या खबदाडीत घातला, दुसऱ्या हातात मोबाइलची बॅटरी. बराच वेळ दोघांपैकी कुणी बोललं नाही.

"या, बघा. ओलं शोधत बसलो असतो तर जन्मात घावलं नसतं. वाळलेलं शोधायचं."

आरशात थर्मोस्टॅटचं काळं प्लॅस्टिकचं घर दिसत होतं आणि त्याच्या सांध्याखाली करंगळीच्या नखाएवढी खपली. गाडी चालताना, गरम असताना तिथून थेंब सुटायचा, खालच्या तापलेल्या धातूवर पडायचा आणि जमिनीपर्यंत पोहोचायच्या आत वाळायचा. म्हणून पुठ्ठा कोरडा. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हरनं खपली खरवडली आणि माझ्या तळहातावर ठेवली. खालचा थर गुलाबी, वरचा पांढरा. "गुलाबी ते कंपनीचं कूलंट. पांढरं ते तुमच्या तांब्यातलं." तीन महिन्यांची माझी सगळी रविवारची कामगिरी नखाएवढ्या जागेत लिहून ठेवलेली होती.

पांढरं म्हणजे क्षार. गीझरच्या कॉइलवर चढतं, किटलीच्या तळाला चिकटतं तेच. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर विचारायलाच नको. कूलंट गाडी थंड ठेवतं एवढंच आपण ऐकलेलं असतं. खरं तर उष्णता वाहण्यात साधं पाणी त्याच्यापेक्षा सरस. ग्लायकॉल उत्कलनबिंदू वाढवतं आणि त्यातली औषधं ॲल्युमिनियम, लोखंड, रबर यांना एका पाण्यात वर्षानुवर्षं नांदू देतात. तांब्यामागून तांबे ओतत गेलं की ती औषधं पातळ होत जातात. रंगावर जाऊ नये, हिरवा-गुलाबी-निळा ही नुसती रंगवलेली ओळख असते आणि प्रत्येक कंपनीची वेगळी. गाडीच्या पुस्तकात जो प्रकार दिलाय तोच टाकायचा. भलते दोन एकत्र केले तर कधी कधी त्यांची जेली होते.

इथं मला जे म्हणायचंय ते म्हणून टाकतो. बुधवारी संध्याकाळपासून गुरुवारी दुपारपर्यंत मिस्त्रींनी माझ्या गाडीत एकही भाग बदलला नव्हता. काम झालं होतं ते सगळं शोधण्याचं. आणि शोधण्याचे पैसे आपल्याकडं कुणी देत नाही. "नुसतं बघायचे कसले पैसे?" हे वाक्य मिस्त्री रोज ऐकतात, आणि मीही आयुष्यात ते म्हणालेलो आहे. मग मेकॅनिकनं काय करावं? त्याला मजुरी मिळते ती भाग बदलण्याची, म्हणून तो भाग बदलतो. आधी झाकण, मग होज, मग पंप, मग रेडिएटर, गळती थांबेपर्यंत. त्याला आपण वर लुटारू म्हणतो. नव्या डिझेल गाड्यांत तर हे आणखी अंगाशी येतं. प्रदूषणाच्या नियमांमुळं त्यांत धूर थंड करणारा एक कूलर असतो. तो आतून फुटला की पाणी धुराबरोबर निघून जातं. बाहेर थेंब नाही, ऑइल स्वच्छ, आणि न शोधता हेड उतरवलं तर चांगल्या इंजिनाची चिरफाड.

गुरुवारी सुट्ट्या भागांचं दुकान बंद होतं, म्हणून माझी गाडी शुक्रवारवर गेली. कॅबचं हेड शुक्रवारी फेसिंगला, म्हणजे तळ सपाट करायला, एमआयडीसीच्या 'जे' ब्लॉकमधल्या एका शेडमध्ये जायचं होतं; मीही टेम्पोत बसलो.

शेड छोटं. एरवी तिथं चाकणच्या कंपन्यांसाठी पंपाची अंगं बनतात, मायक्रॉनमध्ये मापून. तपासणीच्या टेबलावर डिप्लोमा झालेली एक तरुण मुलगी होती, तिला सगळे ताई म्हणत होते. तिनं हेड उलटं ठेवलं, त्यावर तिरकी एक पोलादी सरळ पट्टी उभी धरली आणि फीलर गेजचं पातळ पान खालून सरकवून पाहिलं. ०.०५ चं गेलं. ०.१० चं गेलं. ०.१५ चं अडकलं. "संपलं," मिस्त्री पुटपुटले. बऱ्याच इंजिनांत हेडला जास्तीत जास्त ०.०५ मिलिमीटर वाकायची मुभा असते. आपल्या डोक्याचा केस त्याहून जाड.

वाकतं कशामुळं? या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. ॲल्युमिनियम बिडाच्या दुप्पट प्रसरण पावतं. चाळीस सेंटिमीटर लांबीचं हेड शंभर अंशांनी तापलं तर जवळपास एक मिलिमीटरनं लांबतं, खालचा ब्लॉक मात्र अर्ध्याच मिलिमीटरनं. बोल्टांनी आवळलेलं असल्यानं त्याला सरकता येत नाही. मर्यादेत तापलं तर ते सोसतं, काटा लालमध्ये गेला की कमान टाकतं. त्यात गार पाणी ओतलं तर विचारूच नका.

ताईंनी हेडच्या सपाट अंगाला निळा मार्कर फासला. कटर फिरलं, पहिल्या फेरीत कडांचा निळा गेला आणि मधोमध होडीच्या आकाराचा एक निळा ठिपका राहिला, तोच खड्डा. दुसऱ्या फेरीत तो निम्मा झाला, तिसरीत नाहीसा. मग तोंडं बंद करून गरम पाण्यात बुडवून हवा भरली. बुडबुडा आला नाही, चीर नव्हती. चालक बाहेर दुचाकीवर बसून होता, त्याला मिस्त्रींनी लांबूनच हात वर करून दाखवला. खर्च तीस हजारांच्या घरात जाणार होता. हेडला चीर असती तर नवं हेड घ्यावं लागलं असतं. पूर्वी अशा वेळी कुदळवाडीच्या भंगारात जुनं हेड मिळून जायचं. ती गोदामं महापालिकेनं २०२५ च्या फेब्रुवारीत पाडली.

हेड पुन्हा बसवतानाही मी पाहिलं. बोल्ट मधल्यापासून सुरू करून कडेकडे जायचे, पोळी मधून बाहेर लाटतात तसे, आणि तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यावर आकडा लावून. घाईत एका कोपऱ्यातून आवळत गेलं की नवं पॅकिंग पहिल्याच घाटात जातं.

माझं काम त्या मानानं किरकोळ. थर्मोस्टॅटचं घर बदललं, आतला थर्मोस्टॅटही. जुनं पाणी परातीत काढलं तर ते चहाच्या चोथ्यासारखं होतं. मुलानं ते लगेच डब्यात भरून झाकण लावलं. गल्लीतली कुत्री गोडव्यानं चाटतात आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरतात, हे मिस्त्रींनी एकदा पाहिलंय. आत दोनदा स्वच्छ पाणी फिरवलं, मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. शेवटी हवा काढायची. आत अडकलेला हवेचा एक फुगा सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवू शकतो. त्यासाठी गाडीचं तोंड उंच करून, झाकण उघडं ठेवून, इंजिन चालू आणि आतला हीटर पूर्ण सोडायचा. भोसरीत, मे महिन्यात, दुपारी दोन वाजता मी काचा बंद करून हीटर लावून बसलो होतो आणि मिस्त्री बाहेरून होज दाबत होते. पंखा दोनदा सुरू होऊन बंद पडला तेव्हा मला सुटका मिळाली.

बिल लेटरपॅडवर आलं. घर १,६५०, थर्मोस्टॅट ७८०, कूलंट १,४००, मजुरी ८००. मी विचारलं, शोधायचे? मिस्त्री हसले, "त्याचं काय लावायचं?" मी पेन त्यांच्या हातात परत दिलं. त्यांनी जरा अवघडून खाली एक ओळ वाढवली: तपासणी ५००. मागं उभा असलेला गिऱ्हाईक वाकून बिल वाचत होता. "हे कशाचे पाचशे?" त्यानं मलाच विचारलं. मी खिशातली खपली काढून दाखवली. त्याला ते पटलं नाही.

निघताना मिस्त्रींनी बाटलीवर पाण्याच्या पातळीला काळ्या मार्करनं रेघ मारली आणि शेजारी तारीख घातली. ऑक्टोबर उजाडला. गाडी दोनदा माळशेज चढून आली, चाकणच्या रस्त्यावर तर रोजच असते. परवा थंड इंजिनावर बॉनेट उघडलं. पाणी रेघेवरच आहे. तांब्या पुन्हा स्वयंपाकघरात गेलाय.